गारद्यांचा हिशेब : प्रस्तावना

लहानपणी पंचक्रोशीतल्या एका जत्रेसाठी तमाशाचा फड ठरवायला गावची माणसे निघाली, तेव्हा आजोबांचे बोट धरून मीही गेलो होतो. फडाच्या मॅनेजराने वहीत तारीख पाहिली. बिदागीवरून बराच वेळ ओढाताण झाली. आकडा ठरल्यावर आजोबांनी विड्याच्या पानावर एक अख्खी सुपारी आणि इसाराच्या नोटा ठेवून त्याच्या ओंजळीत दिल्या. मॅनेजराने सुपारी कपाळाला लावली, रुमालाच्या टोकात गाठ मारून बांधली आणि वहीत आमच्या गावाचे नाव लिहिले. करार पुरा झाला. परतताना मी विचारले, ‘तो आलाच नाही तर?’ आजोबा म्हणाले, ‘सुपारी घेतलीय त्यानं. येणार म्हणजे येणार.’

पुढे शिकायला बाहेर पडलो आणि वर्तमानपत्रात हाच शब्द वेगळ्या बातमीत वाचला. अमक्याने तमक्याची सुपारी दिली होती. मला आधी आठवली ती रुमालाची गाठ. माणूस मारण्याच्या व्यवहाराला मराठीने जत्रेचा, वाजंत्र्यांचा, शुभकार्याचा शब्द का दिला असावा, हा प्रश्न तेव्हापासून मनातून गेला नाही. हळूहळू उत्तर सापडत गेले. सुपारीत तीन गोष्टी असतात : ठरलेली रक्कम, ठरलेले काम आणि दिलेला शब्द. आणखी एक चौथी गोष्ट असते. काम करणारा आणि करवून घेणारा यांच्यात वैर, प्रेम, नाते यांतले काहीही असण्याची गरज नसते. तमासगिराला आमच्या गावाशी काय देणेघेणे? त्याने सुपारी घेतली म्हणून तो येतो.

याच्या आधी मराठीत दुसरा शब्द होता. विडा उचलणे. विजापूरच्या दरबारात शिवाजीराजांना पकडून आणण्याचा विडा अफझलखानाने उचलला, असे बखरी आणि पोवाडे सांगतात. विडा तबकात असतो, दरबार भरलेला असतो आणि उचलणाऱ्याचा हात सगळ्यांना दिसतो. उचलणारा आपले नाव त्या कामाला जोडतो. जिंकला तर मान, हरला तर मरण. सुपारी मात्र मुठीत दिली जाते. देणाऱ्याचे नाव तिच्यावर नसते. पान तेच, सुपारी तीच, पण भरल्या दरबारातून बंद मुठीपर्यंत जो प्रवास झाला, तो आपल्या इतिहासात एका ठिकाणी फार स्पष्ट दिसतो. ते ठिकाण म्हणजे पुण्याचा शनिवारवाडा आणि तो दिवस 30 ऑगस्ट 1773. नारायणराव पेशव्यांना त्या दिवशी ज्यांनी मारले ते गारदी होते. हे पुस्तक त्या गारद्यांविषयी आहे, आणि त्यांच्याहून अधिक, त्यांना ज्यांनी लावले त्यांच्याविषयी.

भाडोत्री मारेकरी आणि सत्तापालट म्हटले की रहस्यकथांच्या वाचकाला पहिल्यांदा फ्रान्स आठवते. दुसरे महायुद्ध संपले त्या वर्षी, 1945 मध्ये, पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने ‘सेरी नुआर’ नावाची गुन्हेकथांची माला सुरू केली आणि तिच्यातून एक अख्खी परंपरा उभी राहिली. 1967 मध्ये झाँ-पिएर मेल्व्हिलने ‘ल सामुराई’ चित्रपटात आलें देलाँला पॅरिसमधला एकाकी मारेकरी केले. करड्या खोलीत एक पिंजरा आणि त्यात एक पक्षी, एवढाच त्याचा संसार. झाँ-पात्रिक मांशेतने 1972 च्या ‘नादा’ कादंबरीत क्रांतीची भाषा बोलणारे तरुण आणि त्यांना चिरडणारे सरकार समोरासमोर आणले, आणि 1981 च्या आपल्या शेवटच्या पूर्ण कादंबरीत पैशासाठी माणसे मारणारा एक नेमबाज रंगवला, ज्याला धंदा सोडायचा आहे आणि धंदा त्याला सोडत नाही. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाला मारण्यासाठी भाड्याने आणलेल्या माणसाची फ्रेडरिक फोर्सिथने लिहिलेली गोष्ट 1971 साली आली, तीही त्याच भूमीवर घडते. या कथांची मोठी ताकद अशी की त्या मारेकऱ्याच्या अगदी जवळ जातात. तो हातमोजे कसे चढवतो, खोलीतून निघताना दिवा कधी मालवतो, हे आपल्याला कळते. पैसे देणारा मात्र बहुधा धूसर राहतो. टेलिफोनवरचा आवाज, पाकीट ठेवून जाणारा हात.

आपल्याकडे बाबूराव अर्णाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि मराठी माणसाला एका बैठकीत पुस्तक संपवायची सवय लावली. त्या परंपरेवर वाढलेला मी वाचक आहे. फ्रेंच कथांचे हे वैशिष्ट्य उमगल्यावर मला जाणवले की आपल्याकडे खरी घडलेली गोष्ट आहे, तिच्यात मारेकऱ्यांची नावे आहेत, मोबदल्याचा आकडा आहे, चौकशी आहे, फरार झालेले आहेत, आणि पैसे देणारा मुळीच धूसर नाही. इतकेच नव्हे, तिच्यातला मारेकऱ्याचा शब्दच फ्रेंचांबरोबर आपल्या मुलखात रुजला.

‘गारदी’ हा शब्द युरोपीय ‘गार्द’वरून आला; अर्थ पहारा. युरोपी पद्धतीची कवाईत शिकलेले, रांगेत चालणारे, एका हुकुमाने बंदुकीच्या फैरी झाडणारे पायदळ ते गारदी. दख्खनमध्ये या पायदळाचा दरारा बसवला तो फ्रेंच सेनापती बुसीने. आणि त्याचे ठाणे दीर्घकाळ आमच्या औरंगाबादला होते. 1750 च्या डिसेंबरात जिंजीजवळ निजाम नासिरजंगाला त्याच्याच बाजूच्या पठाण नवाबाने गोळी घातली. त्यामागच्या कटात पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर द्युप्ले सामील होता. पुढच्या काही महिन्यांत आणखी एक वारसदार मारला गेला आणि 1751 च्या उन्हाळ्यात बुसी नव्या निजामाला, सलाबतजंगाला, घेऊन औरंगाबादेत शिरला. 1752 मध्ये गादीवर हक्क सांगत दिल्लीहून आलेला थोरला भाऊ गाजीउद्दीन औरंगाबादेतच विषप्रयोगाने मेला. आज पाणचक्कीपाशी वडाच्या सावलीत बसणाऱ्याला या शहराने एवढे मृत्यू पाहिले असतील असे वाटत नाही.

1758 च्या मे महिन्यातला दिवस तर एखाद्या थरारकथेचा मधला अध्याय शोभावा असा आहे. बुसीचा दिवाण हैदरजंग हा त्या काळी औरंगाबादेतला सर्वांत वजनदार माणूस होता. सलाबतजंगाचा भाऊ निजामअली याच्या भेटीला तो त्याच्या छावणीत गेला आणि तिथेच त्याला मारले. त्या गोंधळात कैदेत असलेला शाहनवाजखानही ठार झाला. हा शाहनवाजखान म्हणजे ‘मआसिर-उल-उमरा’ या मोगल अमीर-उमरावांच्या चरित्रकोशाचा कर्ता. त्याचे घर लुटले गेले, हस्तलिखित गहाळ झाले, आणि पुढे त्याचा मित्र आझाद बिलग्रामी याने ते शोधून, जुळवून पुन्हा उभे केले. आझाद आज खुलताबादेत चिरनिद्रा घेतो आहे. एका खुनाच्या दिवशी एक थोर ग्रंथ रस्त्यावर विखुरतो आणि एक मित्र त्याची पाने गोळा करतो, हे चित्र मला कधी विसरता आलेले नाही.

हैदरजंगाला मारवून निजामअली बुऱ्हाणपूरला पळाला. औरंगाबादहून बुऱ्हाणपूरकडे जाणारी जुनी वहिवाट अजिंठ्याच्या घाटाची. घाट उतरला की पायथ्याशी फर्दापूर, आणि पुढे खानदेश. आमच्या गावातली मोगलकालीन सराई याच वाटेवरच्या वाटसरूंसाठी बांधलेली. तिच्या कमानींखाली कोण कोण थांबून गेले याची नोंद कोणी ठेवलेली नाही. पण दख्खनचे राज्य घेण्यासाठी किंवा गमावून ज्यांना इथून जावे लागले, त्यांच्या घोड्यांना पाणी याच परिसरात मिळाले असणार. गाव असे वाटेवर असले की इतिहास पुस्तकात शोधावा लागत नाही, तो दारावरून जातो.

बुसीच्या तालमीत तयार झालेल्यांत इब्राहिमखान होता. निजामाकडून तो पेशव्यांकडे आला आणि पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी त्याच्या गारद्यांनी जे केले ते मराठी मनाने कृतज्ञतेने जपले आहे. पण इब्राहिमखानाच्या आधी पेशव्यांकडे असलेल्या मुजफ्फरखान गारद्याची गोष्ट त्या मानाने कोणी सांगत नाही. इब्राहिमखानाला मिळालेले स्थान त्याला सलत होते. 1759 च्या ऑक्टोबरात पुण्यात गारपिराजवळ सदाशिवरावभाऊंवर मारेकरी घातला गेला. भाऊ थोडक्यात वाचले, कटाचा माग मुजफ्फरखानापर्यंत गेला आणि त्याला देहदंड झाला. एकाच शब्दाच्या पोटात दोन माणसे : एक धन्यासाठी पानिपतावर उभा राहून मेलेला, दुसरा धन्यावरच सुरी चालवायला माणूस धाडणारा. म्हणून ‘गारदी’ म्हणजे विश्वासघातकी, हे समीकरण मला मान्य नाही. दोष जातीत, धर्मात किंवा पेशात शोधला की करवून घेणारा नजरेआड होतो.

गारदी आणि मराठा शिलेदार यांच्यातला फरक पगाराच्या पद्धतीत होता आणि तो समजून घेतल्याशिवाय 1773 समजत नाही. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, सरदाराला सरंजाम असे, सरंजामात गावे असत, गावाला पाटील आणि पाटलाला शिवार. त्याची निष्ठा जमिनीत मुरलेली होती. गारद्याला जमीन नव्हती. त्याला महिन्याचा रोख रोजमुरा होता आणि तो वेळेवर मिळत नसे. पानिपतानंतर पेशव्यांच्या खजिन्यावरचा कर्जाचा डोंगर थोरल्या माधवरावांनी मोठ्या कष्टाने उतरवत आणला, पण फौजेची तलब तुंबणे हे नेहमीचेच राहिले. तलब तुंबली की शिपाई धन्याच्या दारात धरणे धरून बसत, आरडाओरडा करत, दरवाजे अडवत. अठराव्या शतकातल्या पुण्याला हा देखावा नवा नव्हता. म्हणूनच त्या दुपारी वाड्यात गलका उठला तेव्हा बहुतेकांना वाटले, गारदी पगार मागताहेत. कटकर्त्यांना याहून चांगला आडोसा मिळाला नसता.

माधवराव 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला वारले आणि सतरा वर्षांचा नारायणराव गादीवर आला. काका रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते. पुतण्या तापट, काका महत्त्वाकांक्षी, दोघांच्या भोवती माणसे पेरलेली. नऊ महिन्यांत नजरकैद अधिक कडक झाली, आणि रघुनाथरावांच्या बाजूने सखाराम हरी, चिंतो विठ्ठल आणि तुळाजी पवार यांनी गारद्यांचे म्होरके गाठले : सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद युसुफ. पाच लाख रुपये आणि तीन किल्ले असा मोबदल्याचा आकडा सांगितला जातो. हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नये. तीन किल्ले मागणारा शिपाई पैशाच्या पलीकडचे काही मागत असतो. ज्याला जमीन नाही त्याला पाय रोवायला जागा हवी होती. त्याला ठाऊक होते की काम झाल्यावर ज्याने सुपारी दिली तोच पहिल्यांदा आपल्याला संपवू पाहील, आणि तेव्हा तटबंदी लागेल.

30 ऑगस्ट 1773. सोमवार, गणपतीचे दिवस, अनंत चतुर्दशीची आदली तिथी. सकाळी नारायणराव पर्वतीला जाऊन आले. कुलाब्याच्या रघूजी आंग्र्यांची त्या दिवशी भेट झाली. गारद्यांच्या हालचालीत काही खोट असल्याचे पेशव्यांच्या कानावर आले होते आणि त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितले. इतिहासकार ग्रँट डफ लिहितो की हरिपंत आधी एका स्नेह्याकडे जेवायला गेले. हरिपंत कर्तबगार आणि एकनिष्ठ होते, पुढे बारभाई म्हणून ओळखल्या गेलेल्या कारभाऱ्यांत त्यांनी मोलाची कामगिरी केली. पण ती एक पंगत त्यांना जन्मभर सलली असेल. बंदोबस्त नंतर करता येईल असे वाटण्याइतकी ती दुपार साधी होती.

माध्यान्हीला गारदी वाड्यात घुसले. पगाराची ओरड करत ते आत आले आणि अडवणाऱ्या कारकुनांवर तलवारी चालवत पुढे सरकले. नारायणराव विश्रांती घेत होते. ते उठून चुलती पार्वतीबाईंकडे धावले, म्हणजे पानिपतावर गेलेल्या भाऊसाहेबांच्या पत्नीकडे. आणि तिथून रघुनाथरावांच्या दालनात. काकांच्या कमरेला मिठी मारून त्यांनी जीव वाचवण्याची विनवणी केली. तुळाजी पवाराने त्यांना ओढले, सुमेरसिंगाने वार केले. चापाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि त्याच जागी मेला. अर्ध्या तासाच्या या कापाकापीत अकरा माणसे गेली. त्यांत दोन कुणबिणी होत्या. एक गायही मारली गेली. रात्री त्र्यंबकराव पेठ्यांनी मुठेकाठी अंत्यसंस्कार उरकले. ज्या दरवाजातून देह बाहेर काढला त्याला पुणेकर आजही नारायण दरवाजा म्हणतात.

चापाजीविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. त्यालाही पगारच मिळत होता. गारद्यांइतकाच तोही पोटासाठी चाकरी करणारा माणूस होता. त्याला कोणी पाच लाख देऊ केले नव्हते, त्याने कोणता किल्ला मागितला नव्हता. एकाच दालनात, एकाच क्षणी, पैशासाठी काम करणारी दोन माणसे काय करू शकतात हे त्या दुपारने दाखवले. मोबदला माणसाला विकत घेतो असे आपण सहज म्हणतो. चापाजी टिळेकर त्या म्हणण्याला उभा छेद देतो.

या खुनाने मराठीला एक वाक्प्रचार दिला : ध चा मा करणे. रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या कागदात ‘नारायणरावांस धरावे’ असे होते आणि काकू आनंदीबाईंनी ‘ध’ खोडून ‘मा’ केला, अशी ही कथा. ग्रँट डफने ती 1826 च्या आपल्या इतिहासात छापली, शाळेतल्या पोरांनी ती पाठ केली, नाटकांनी ती रंगवली. कथेची पकड समजण्यासारखी आहे. एका अक्षराने राज्य फिरते, यापेक्षा नाट्यमय काय असणार? पण ती कथा काय करते ते पाहा. पाच लाख रुपये, तीन किल्ले, महिनाभराची खलबते, पगाराच्या गलक्याचे सोंग, हे सगळे ती एका अक्षरावर आणि एका बाईच्या बोटावर आणून ठेवते. पुरुषांच्या कटाला बाईचा हात लागला की पुरुष भोळे ठरतात. शिवाय, सशस्त्र गारद्यांना भरदुपारी आपल्याच पुतण्याच्या अंगावर सोडणाऱ्याने फक्त ‘धरावे’ लिहिले होते, हा बचाव मुळातच तोकडा आहे. पकडण्यासाठी कोणी किल्ले देत नाही.

रामशास्त्री प्रभुण्यांनी हे जाणले. न्यायाधीश म्हणून त्यांनी चौकशी केली आणि गादीवर बसलेल्या रघुनाथरावांना तोंडावर सांगितले की याला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरे प्रायश्चित्त नाही. मग ते पुणे सोडून वाईच्या बाजूला गावी निघून गेले. खाडिलकरांनी 1909 मध्ये ‘भाऊबंदकी’त हा प्रसंग रंगभूमीवर आणला, 1944 मध्ये प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात गजानन जागीरदारांनी तो घराघरांत पोहोचवला. पण त्या करारी वाक्याच्या तेजात चौकशीचा तपशील झाकोळला. दोषी म्हणून जी नावे पुढे आली ती 49 होती. त्यांत गारदी 13. ब्राह्मण 26, प्रभू 3, मराठे 7.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. तेरा तलवारी आणि छत्तीस मदतनीस. कोणी निरोप नेला, कोणी दरवाजाच्या पहाऱ्याची वेळ सांगितली, कोणी नुसते डोळे मिटले. छत्तीसांपैकी बहुतेकांच्या हातात त्या दिवशी शस्त्र नव्हते, लेखणी होती किंवा किल्ली. जो इतिहास आपण ‘गारद्यांनी पेशव्याला मारले’ या एका वाक्यात सांगतो, त्यातला प्रत्येक चौथा माणूस गारदी होता, उरलेले तीन वाड्याचे होते. या पुस्तकाचे नाव मी ‘गारद्यांचा हिशेब’ ठेवले ते यासाठी. हिशेब गारद्यांनी द्यायचा एवढाच त्याचा अर्थ नाही. गारद्यांचा हिशेब ज्यांनी चुकता केला, त्यांनी द्यायचा हिशेबही त्यात आला.

पुढे जे झाले त्याला क्रांती म्हणावे का? मी म्हणतो. सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्र्यंबकराव पेठे आणि त्यांचे सहकारी एकत्र आले. इतिहास त्यांना बारभाई म्हणतो. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर नेऊन त्यांनी पोटातल्या जिवाच्या नावाने राज्य चालवायला घेतले. 1774 च्या मार्चमध्ये पंढरपूरजवळ कासेगावच्या लढाईत त्र्यंबकराव पेठे कामी आले. ज्यांनी नारायणरावांना रात्री अग्नी दिला, ते सात महिन्यांच्या आत त्यांच्यासाठी मेले. 18 एप्रिल 1774 रोजी सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांचे मूल पेशवा झाले. तलवारीच्या जोरावर गादीवर बसलेल्या माणसाला कारभाऱ्यांच्या मंडळाने खाली खेचले. पण या क्रांतीची किंमत दुसऱ्याच दारातून वसूल झाली. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, 1775 च्या मार्चमध्ये सुरतेचा तह झाला आणि मराठ्यांच्या घरच्या खुनात इंग्रजांचा पाय शिरला. युद्ध 1782 च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. दरम्यान 1777 मध्ये सें-लुबीन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात आला, नानांनी त्याची बडदास्त ठेवली आणि इंग्रजांची झोप उडाली.

आणि फ्रान्सची खरी क्रांती? तीही इथे पोहोचली. 1795 च्या मार्चमध्ये जामखेडजवळ खर्ड्याला मराठे आणि निजाम भिडले, तेव्हा निजामाकडच्या फ्रेंच सेनापती रेमाँच्या पलटणींवर फ्रेंच प्रजासत्ताकाचे तीन रंगांचे निशाण होते आणि शिपायांच्या बटणांवर क्रांतीची टोपी कोरलेली होती. समोर शिंद्यांच्या पलटणी होत्या, त्यांचा सेनापती पेराँ हाही फ्रेंच. पॅरिसमध्ये राजाचे डोके उडवून ज्यांनी समतेची घोषणा केली, त्यांची खूण अंगावर बाळगून मराठवाड्याच्या वेशीवरचा शिपाई एका निजामासाठी पगारावर लढत होता. त्या बटणाचा अर्थ त्याला कोणी सांगितला होता का, हा प्रश्न मला गारद्यांच्या प्रश्नाइतकाच खरा वाटतो.

मारेकऱ्यांचे काय झाले? महंमद युसुफ पकडला गेला, देहदंड झाला. खरगसिंग आणि तुळाजी पवार हैदरअलीच्या आश्रयाला गेले. त्याने त्यांना पुण्याच्या स्वाधीन केले आणि तेही मारले गेले. सुमेरसिंग हाती लागला नाही. तो उत्तरेत पाटण्याकडे मेला असे सांगतात. आणि रघुनाथराव? ते 1783 मध्ये कोपरगावी गोदेच्या काठी आजाराने वारले. त्यांचाच मुलगा पुढे पेशवा झाला, आणि तोच शेवटचा.

हे पुस्तक लिहीत असताना मी पुष्कळदा संध्याकाळी अजिंठ्याच्या लेण्यांकडे जात असे. फर्दापूरच्या टी पॉइंटवरून शेवटच्या गाड्या परतत असतात, गारगोट्या विकणारी पोरे पिशव्या आवरत असतात. दहाव्या लेण्याच्या एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 ही तारीख कोरून ठेवली आहे. पर्यटक ती शोधतात. मी उजव्या भिंतीपाशी उभा राहतो. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिताऱ्याने छद्दंत जातक रंगवले आहे. रंग पुष्कळ गेले आहेत, पण नजर सरावली की हत्तींचा कळप उमटू लागतो.

गोष्ट अशी. सहा सुळ्यांचा गजराज आणि त्याच्या दोन राण्या. धाकटीला वाटले, राजाने आपल्याला तुच्छ लेखले. ती पुढच्या जन्मी काशीची राणी झाली आणि तिने एका पारध्याला बोलावून गजराजाचे सुळे आणायला धाडले. पारधी भगवी वस्त्रे पांघरून गेला, खड्ड्यात लपला, विषारी बाण सोडला. हत्ती चालून आला, पण ती वस्त्रे पाहून थांबला. तुला कोणी पाठवले, एवढेच त्याने विचारले. उत्तर ऐकल्यावर त्याने पारध्याला मारले नाही. पारध्याच्या हातून सुळे निघेनात, तेव्हा स्वतः करवत धरून ते कापून दिले.

इथे एखादा कथाकार थांबला असता. बाण लागला, हत्ती मेला, क्षमा झाली. पण त्या चिताऱ्याने पुढे भिंत चालू ठेवली. पारधी राजवाड्यात येतो. कावडीत सुळे आहेत. आणि सुळे पाहताच राणी कोसळते. सख्या तिला सावरताहेत, कोणी वारा घालते आहे, कोणी पाणी आणते आहे. भिंतीचा हा भाग मोठा आहे आणि चिताऱ्याने त्याच्यावर जीव ओतला आहे. ज्याने बाण सोडला त्याच्याइतकीच जागा त्याने बाण सोडायला लावणारीला दिली आहे.

घायाळ हत्तीने जो प्रश्न विचारला तो न्यायाधीशाचा प्रश्न आहे. रामशास्त्र्यांनी तोच विचारला. आपण मात्र नारायणरावांची गोष्ट अडीचशे वर्षे सांगत आलो ती काकांच्या कमरेच्या मिठीपाशी आणून थांबवतो. पुढच्या पानांत ती भिंत थोडी पुढे न्यावी, एवढाच माझा प्रयत्न आहे. सुमेरसिंगाची तलवार त्यात आहेच. पण कागद कोणी लिहिला, पैसे कोणी मोजले, दरवाजा कोणी उघडा ठेवला, त्या छत्तीसांच्या वाटेनेही वाचकाने माझ्याबरोबर चालावे, ही विनंती.

फर्दापूर